चहाचे गाव आणि लाकडी जोडा

१४ ऑगस्ट १९९४ हा रविवार होता. त्या दिवशी मी जर्मनीतल्या एर्लांगन शहरात, माझ्या भाड्याच्या खोलीत, पाच सदऱ्यांना इस्त्री केली. आयुष्यात तारखेनिशी लक्षात राहिलेले असे हे माझे एकच इस्त्रीचे काम. ते लक्षात राहायचे कारण असे, की मी त्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर पलीकडे, न्यूर्नबर्गच्या फ्रांकन स्टेडियमवर असायला हवा होतो. माझ्यासाठी तिकीट काढलेले होते. ते मी नाकारले होते.

मी कोल्हापूरचा. हे सांगायचे एवढ्याचसाठी, की कोल्हापूरच्या माणसाने फुटबॉलचे तिकीट नाकारावे ही गोष्ट शोभणारी नव्हे. आमच्याकडे ज्या तालमीत लाल माती असते, त्याच तालमीच्या नावाने शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा संघ उतरतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे परक्या माणसाला पहिलवानांची वाटतील. आम्हांला ती फुटबॉलची वाटतात. सामना हरला म्हणून भावाभावांत दोन दिवस अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत. असल्या गावात वाढलेल्या माणसाने जर्मनीत जाऊन सामन्याऐवजी सदरे निवडले!

तिकीट देऊ करणारा माझा कचेरीतला सहकारी होता. आमची टेबले समोरासमोर. उंच, मितभाषी, डब्यात रोज तोच पाव आणि तेच चीज आणणारा. तो राहायचा एर्लांगनच्या वायव्येला तीस-पस्तीस किलोमीटरवर, फेस्टनबेर्ग्सग्रॉइट नावाच्या गावात. हे नाव वाचून वाचकांची जी अवस्था झाली असेल तीच माझीही झाली होती. दोन महिने मी ते नाव घेणे टाळून ‘तुझे गाव’ असेच म्हणत असे. पुढे त्यानेच फोड करून सांगितली. ग्रॉइट म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. त्या मुलुखात अशा नावाची गावे पुष्कळ. संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या बायरॉइटच्या नावातले ‘रॉइट’ ते हेच. त्यानंतर आम्ही दोघेही नुसते ‘ग्रॉइट’ म्हणू लागलो आणि कारभार सुरळीत झाला.

तर या दीड हजाराच्या आसपास वस्तीच्या गावाचा हौशी फुटबॉल संघ जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत बायर्न म्युनिकशी खेळणार होता. जर्मन चषकाची ही एक गंमत आहे. प्रांतोप्रांतीच्या स्पर्धांतून वर आलेले लहान क्लब आणि देशातले सर्वांत श्रीमंत क्लब यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी निघतात, आणि पहिल्या फेरीत लहान्याला यजमानपद मिळते. बायर्न त्या वर्षीचे जर्मन विजेते. लोथार माथेउस त्यांचा. ऑलिव्हर कान नावाचा तरुण गोलकीपर त्यांनी उन्हाळ्यातच आणलेला. शिकविणारा जोव्हानी त्रापातोनी, खास इटलीहून बोलावलेला. समोर ग्रॉइटकर. गावच्या मैदानावर एवढी गर्दी मावणार नाही म्हणून सामना न्यूर्नबर्गला नेलेला.

“आठ-शून्य,” मी हसून म्हणालो. “आठ गोल खाताना तुम्हांला बघायला मी कशाला येऊ? माझे इस्त्रीचे काम पडले आहे.”

“हरू,” तो शांतपणे म्हणाला. “पण सगळा गाव चालला आहे.”

या वाक्याचा अर्थ कोल्हापूरच्या माणसाला न सांगता कळायला हवा होता. तो मला कळला नाही, ही माझी खरी चूक. तिकीट हे नुसते निमित्त.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहात. वय अडुसष्ट. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणत असे; तोंडाने मात्र जर्मन रीतीप्रमाणे आडनावापुढे ‘हेर’ लावून आणि ‘तुम्ही’ म्हणून. रविवारी त्यांच्या घरात इतकी शांतता असे की जिन्यावर माझे पाऊल वाजले तरी मला अपराधी वाटावे. कपडे धुण्याचे यंत्र रविवारी लावायचे नाही, हा पहिलाच नियम. इस्त्रीला आवाज नसतो म्हणून ती चालत असे.

त्या रविवारी तिसरा सदरा चालू असताना खालून आरोळी ऐकू आली. मला वाटले, आजोबा पडले. धावत खाली गेलो, तर आजोबा रेडिओसमोर उभे, चेहरा लालबुंद. म्हणाले, “ग्रॉइटने गोल केला!”

मध्यंतराला दोनच मिनिटे उरली असताना, त्रेचाळिसाव्या मिनिटाला, रोलांड श्टाइन या खेळाडूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला होता. मी इस्त्री बंद केली की नाही हे बघायला परत वर गेलो (केली नव्हती), आणि मग सगळा उत्तरार्ध आजोबांच्या शेजारी उभ्याने ऐकला. बसायचे आम्हां दोघांनाही सुचले नाही. बायर्नने आटापिटा केला. गोल काही होईना. शिटी वाजली तेव्हा स्टेडियमवरच्या चोवीस हजारांच्या आसपास माणसांचा आवाज त्या लहानशा रेडिओत मावत नव्हता. एक-शून्य. तिसऱ्या पायरीवरच्या खेडेगावाने जर्मन विजेत्यांना स्पर्धेबाहेर घालविले होते.

सोमवारी सहकारी कचेरीत आला तो आवाज नसलेला. दिवसभर कागदावर लिहून बोलत होता. पहिला कागद त्याने माझ्यापुढे सरकविला, त्यावर लिहिले होते : ‘सदरे छान दिसतात.’

पुढच्याच शनिवारी मी त्याच्या गावी गेलो. आता उपरती झालेल्या माणसाला तीर्थयात्रेशिवाय दुसरा मार्ग कोणता?

आइश नदीचे खोरे हे तळ्यांचे. शेकडो लहान तळी, आणि त्यांत पाळलेले कार्प मासे. तेथून जमीन श्टाइगरवाल्डच्या रानाकडे चढू लागते, आणि त्या चढावर ग्रॉइट आहे. गाडीतून उतरताच वास आला. पुदिन्याचा. मग बडीशेपेचा, कॅमोमाइलचा. येथे मार्टिन बाउअर नावाची वनस्पतींचा व्यापार करणारी पेढी आहे, १९३० पासूनची. आसपासच्या शेतांतल्या औषधी पाल्यावर सुरू झालेला हा धंदा पुढे जगभर पसरला. पाला वाळवायचा, कापायचा, चाळायचा आणि चहावाल्या कंपन्यांना पुरवायचा. ते याला चहा म्हणतात. आपण काढा म्हणू. पण ते असो. गावातल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी तेथे कामाला. वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात गावाला ‘चहाचे गाव’ करून टाकले होते, आणि गावकऱ्यांची त्याला हरकत नव्हती.

क्लबाचे नाव टी. एस. व्ही. फेस्टनबेर्ग्सग्रॉइट. टी. एस. व्ही. म्हणजे तुर्न उंड स्पोर्टफेराइन. यातल्या प्रत्येक शब्दाला इतिहास आहे आणि तो थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही.

‘तुर्नेन’ म्हणजे कसरत. १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान या माणसाने बर्लिनजवळच्या हाझनहाइडे माळावर आखाडा काढला. नेपोलियनने देश तुडविलेला. तरुणांनी अंग कमवावे, शिस्त शिकावी, हा हेतू. म्हणजे आपल्या तालमीचाच भाऊ. पुढे गावोगाव असे आखाडे निघाले. आणि मग १८७४ साली ब्राउनश्वाइगच्या कोनराड कोख नावाच्या मास्तराने आपल्या शाळेतल्या पोरांपुढे इंग्रजांचा चेंडू टाकला. कसरतवाले चवताळले. एका जागी रांगेत उभे राहून हात वर-खाली करण्याऐवजी चेंडूमागे धावायचे, आणि तेही लाथा मारीत! श्टुटगार्टच्या कार्ल प्लांक नावाच्या कसरतशिक्षकाने १८९८ साली या खेळाविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. त्याच्या मते हा सारा लाथाळ्या करणारांचा टवाळपणा होता, एक इंग्रजी रोग होता. रोग पसरायचा तो पसरलाच. १९०० साली लाइपझिगला जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली. परंतु कितीतरी गावांत चेंडू आखाड्याच्याच छपराखाली वाढला, आणि म्हणून आजही खेड्यातल्या क्लबाच्या नावात कसरत पहिली आणि बाकीचे खेळ नंतर.

‘फेराइन’ म्हणजे मंडळ. जर्मन कायद्याप्रमाणे मंडळाची नोंदणी करायला सात माणसे पुरतात. सात माणसे जमली की अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, वार्षिक सभा, सभेचे इतिवृत्त, आणि इतिवृत्तावरून भांडण. वर्गणी थोडी, काम फार. मैदानाच्या पांढऱ्या रेघा कोणी मारायच्या, जर्सी कोणाच्या घरी धुवायच्या, सामन्याच्या दिवशी सॉसेज कोणी भाजायची, याच्या याद्या भिंतीवर लावलेल्या. आणि एक विशेष : कचेरीत वीस वर्षे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणारी माणसे फेराइनच्या फाटकातून आत आली की ‘अरे-तुरे’ करतात. माझ्या सहकाऱ्याने त्याच शनिवारी मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटले. मैदानाच्या कडेला, हातात सॉसेजचा पाव असताना.

ग्रॉइटचा क्लब तसा पोरसवदा. १ फेब्रुवारी १९७४ चा. त्याच वर्षी जुलैत पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, आणि ऑक्टोबरात बाडेनमधल्या एपिंगेन या लहान गावच्या संघाने चषकात हांबुर्गला दोन-एकने हरविले. बुंडेसलिगातल्या क्लबाला हौशी संघाने चषकात हरविण्याची ती पहिलीच वेळ. पोराच्या जन्माच्या वेळी नक्षत्रे अशी होती म्हणायचे. पण नक्षत्रांवर संघ वर चढत नाही. तळच्या लिगांतून पायरी पायरीने चढत हा क्लब १९८७ साली बायर्नलिगात आला, आणि १९९४ साली नव्याने निघालेल्या रेगिओनाललिगात. तेथून वर फक्त दोन पायऱ्या.

आता येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल की दूध काढून, गवत कापून आलेल्या शेतकऱ्यांनी अनवाणी बायर्नला हरविले. तसे नाही. क्लबाच्या मागे चहा होता. हेल्मुट हाक हे त्या पेढीतले वरिष्ठ अधिकारी, आणि तेच क्लबाचे सूत्रधार. खेळाडू कागदोपत्री हौशी होते, आणि बहुतेकांना दिवसाची नोकरी होतीच. परंतु आसपासच्या शेकडो खेड्यांना असे पाठबळ नव्हते. शेजारच्या गावांतले लोक हे बोलून दाखवीत. माझा सहकारी यावर म्हणाला, “पैसे होते, खरे आहे. पण पैसे असलेली गावे आणखीही आहेत. त्यांच्या रेघा कोण मारतो ते जाऊन बघ.” मला दोन्ही बाजू पटल्या, आणि अजूनही पटतात.

चषकाचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. ग्रॉइटने पुढच्या फेरीत होम्बुर्गलाही काढले. मग गाठ पडली वोल्फ्सबुर्गशी, आणि पेनल्टीवर खेळ संपला. ते वोल्फ्सबुर्ग त्या वर्षी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले. गावात त्यावरही समाधान मानणारे होते.

परंतु आता खरी पंचाईत सुरू झाली. रविवारच्या सामन्याला गाव सगळा जमला तरी तो गाव केवढा! वरच्या पायरीवर जायचे तर मोठे मैदान हवे, दिवे हवेत, आठ-दहा हजार प्रेक्षक हवेत. ग्रॉइटमधले सगळे कार्प मासे आणून बसविले असते तरी तेवढी खुर्ची भरली नसती. क्लब होता, पैसा होता, हौस होती. मागे शहर नव्हते.

शहर होते ते फ्युर्टला. आणि येथे आमचे घरमालक गोष्टीत येतात.

आजोबा जन्माने फ्युर्टचे. लग्नानंतर एर्लांगनला आले, पण मन तेथेच. न्यूर्नबर्ग आणि फ्युर्ट ही एकमेकांना चिकटलेली शहरे. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ साली धावली ती यांच्यामध्ये. इतक्या जवळची शहरे म्हणजे वैर आलेच. फ्युर्टच्या क्लबाचा जन्म १९०३ चा, तोही आखाड्यातच. १९०६ साली तो वेगळा झाला आणि स्पीलफेराइनिगुंग फ्युर्ट म्हणजे खेळसंघ फ्युर्ट असे नाव घेतले. शहराचे चिन्ह असलेले तीन पानी क्लोव्हर त्याच्या छातीवर आले. विल्यम टाउनली नावाच्या इंग्रजाच्या हाताखाली १९१४ साली हा क्लब जर्मन विजेता झाला. माग्देबुर्गला लाइपझिगविरुद्ध झालेला तो अंतिम सामना दीडशे मिनिटांहून अधिक चालला. दोन महिन्यांनी महायुद्ध पेटले.

“दुसरे विजेतेपद १९२६ चे,” आजोबा सांगत. “त्या वर्षी मी जन्मलो. तिसरे १९२९ चे. तेव्हा मी तीन वर्षांचा. त्यानंतर एकही नाही. म्हणजे मला सगळे मिळाले, फक्त आठवण मिळाली नाही.”

त्यांची आवडती गोष्ट १९२४ ची. जर्मनीचा राष्ट्रीय संघ आम्स्टरडामला हॉलंडशी खेळायला निघाला, आणि त्यात सगळेच्या सगळे खेळाडू न्यूर्नबर्गचे आणि फ्युर्टचे. दोन्ही क्लबांचे तेव्हा इतके बिनसलेले, की एकाच गाडीत ते वेगवेगळ्या डब्यांत बसून गेले. जर्मनी एक-शून्यने जिंकला. गोल कार्ल आउअरचा, म्हणजे फ्युर्टचा; त्याचे अभिनंदन करायला फक्त फ्युर्टचेच खेळाडू गेले असे सांगतात. हे सांगताना आजोबांना असे हसू येई, की चष्मा काढून पुसावा लागे. मी त्यांना पाटाकडील आणि खंडोबाच्या गोष्टी सांगितल्या. त्या त्यांना लगेच समजल्या.

एक गोष्ट मात्र ते स्वतःहून कधी सांगत नसत. १९१४ च्या त्या विजेत्या संघात युलिउस हिर्श नावाचा ज्यू खेळाडू होता. राष्ट्रीय संघातला, डाव्या पायाचा मोठा फटका असलेला. १९४३ साली त्याला आउश्विट्झला पाठविले. तो परत आला नाही. फ्युर्टमध्ये ज्यूंची वस्ती फार जुनी. हेन्री किसिंजर १९२३ साली तेथेच जन्मला, लहानपणापासून याच क्लबाचा भक्त. १९३८ साली त्याच्या आईबापांनी त्याला घेऊन देश सोडला म्हणून वाचला. मी एकदा आजोबांना हिर्शविषयी विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “शाळेत आम्हांला त्या संघातली नावे पाठ होती. त्यात एक नाव गाळलेले होते. संघ अकरांचा असतो हे आम्हांला माहीत होते. आम्ही मुलांनी कधी विचारले नाही.” आणि उठून बागेत गेले.

असा हा क्लब नव्वदीच्या दशकात कर्जात बुडालेला, ग्रॉइटच्याच लिगामध्ये खेळत होता. रॉनहोफचे १९१० सालचे मैदान होते, तीन विजेतेपदे होती, शहर होते, पैसा नव्हता. म्हणजे एकाकडे घर आणि दुसऱ्याकडे घरखर्च. स्थळ सुचवायला मध्यस्थाची गरज नव्हती. १ जुलै १९९६ रोजी ग्रॉइटचा फुटबॉल विभाग फ्युर्टमध्ये गेला आणि नवे नाव झाले : स्पीलफेराइनिगुंग ग्रॉइटर फ्युर्ट. हेल्मुट हाक अध्यक्ष झाले.

मराठीत या नावाचा चमत्कारिकपणा दाखवायचा तर ‘पिंपळगावकरी नाशिक’ असे काहीतरी म्हणावे लागेल. फ्युर्टच्या चिन्हात क्लोव्हरच्या जोडीला एक लाकडी जोडा आला. तो ग्रॉइटच्या क्लबाचा. रानाकाठची माणसे चिखलात घालीत तसला.

आजोबांनी नव्या चिन्हाचे चित्र वर्तमानपत्रात पाहिले. “तीन वेळा जर्मन विजेता,” ते म्हणाले, “आणि आता पायात जोडा!” त्यांनी कोटाला लावायचा जुना बिल्ला काढून टेबलाच्या खणात ठेवला. बायर्न हरल्यावर ज्या माणसाने ग्रॉइटच्या नावाने आरोळी ठोकली होती, तोच हा माणूस. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी सहकाऱ्याला विचारले, “गावात आनंद असेल?” तो म्हणाला, “कसला आनंद? आमच्या मुलांना आता सामना बघायला तिकीट काढून फ्युर्टला जावे लागेल. जोडा गेला, पाय येथेच आहे.”

मला दोघांचाही राग आला. व्यवहार डोळ्यांपुढे स्वच्छ होता : वेगळे राहिले असते तर एक कर्जाने मेला असता आणि दुसरा एकटेपणाने. मी हे दोघांनाही समजावून सांगितले. परक्या गावात माणूस फार शहाणा असतो. आमच्या पेठेतली तालीम दुसऱ्या पेठेच्या तालमीत मिसळली असती आणि नाव उलटसुलट जोडले असते, तर मी काय केले असते, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो पुढे परतीच्या विमानात आला.

पुढचा हिशेब व्यवहाराच्याच बाजूचा झाला. पहिल्याच हंगामात, १९९७ साली, आर्मिन फे यांच्या हाताखाली ग्रॉइटर फ्युर्ट दुसऱ्या बुंडेसलिगात चढले. रॉनहोफच्या मैदानाला खेळणी करणाऱ्या कंपनीचे नाव मिळाले, नंतर गोळ्या-चॉकलेटवाल्यांचे. वर्षामागून वर्षे संघ वरच्या चार-पाचांत राही आणि बढती मात्र हुकत असे. अखेर २०१२ साली ते बुंडेसलिगात पोहोचले. त्या सप्टेंबरात एकोणनव्वद वर्षांचा किसिंजर खास सामना बघायला फ्युर्टला आला. त्याच्या येण्याने संघाचे नशीब मात्र उघडले नाही. त्या हंगामात घरच्या मैदानावर एकही सामना न जिंकण्याचा विक्रम करून ग्रॉइटर फ्युर्ट खाली आले. बुंडेसलिगाच्या इतिहासात असे त्यापूर्वी कुणाचेच झाले नव्हते. २०२१ साली पुन्हा वर गेले आणि २०२२ साली पुन्हा खाली. किसिंजर २०२३ साली शंभर वर्षांचा होऊन गेला.

आजोबा यातले काही बघायला राहिले नाहीत. २००९ साली त्यांच्या मुलीचे पत्र मला आले. मी तोवर कायमचा कोल्हापुरात परतलो होतो. पाकिटात तो जुना बिल्ला होता, जोडा नसलेला. सोबत दोन ओळी : खण आवरताना सापडला, वडील म्हणत की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला हे समजते.

गंमत अशी, की २०१७ साली क्लबाने चिन्ह बदलले आणि लाकडी जोडा काढून टाकला. एकवीस वर्षे राहिला, गेला. नाव मात्र ग्रॉइटर फ्युर्टच ठेवले. आजोबांच्या खणातल्या बिल्ल्याचे म्हणणे अर्धे खरे झाले.

२०१८ च्या शरदात मी मुलीकडे म्युनिकला गेलो होतो. तेथून आगगाडी, मग बस, मग सहकाऱ्याची गाडी. तो निवृत्त झाला होता. पाठ किंचित वाकलेली, डब्यातल्या चीजचा प्रकार तोच. पुदिन्याचा वासही तोच. टी. एस. व्ही. बंद पडलेली नव्हती. मोठा फुटबॉल फ्युर्टला गेला, फेराइन गावातच राहिले. कसरत, मुलांचे खेळ, आणि खालच्या लिगातला, गावापुरता फुटबॉल. भिंतीवर याद्या होत्या. रविवारच्या रकान्यात रेघा मारण्यापुढे माझ्या सहकाऱ्याचे नाव होते.

“चिन्हातला जोडा काढला,” मी म्हणालो. “वाईट वाटले असेल.”

त्याने थोडा विचार केला. “पहिल्यांदा गेला तेव्हा वाटले,” तो म्हणाला. “या वेळी, खरे सांगू, परत आल्यासारखे वाटले.”

मग त्याने खिशातून पाकीट काढले आणि पाकिटातून एक तिकीट. १४ ऑगस्ट १९९४. कोपरा न फाडलेला. “दुसऱ्या कुणाला दिले नाही,” तो म्हणाला. “शेजारच्या खुर्चीवर माझा कोट ठेवला होता.”

मी पैसे देऊ केले. “मार्क आहेत का?” त्याने विचारले. मार्क जाऊन तेव्हा सोळा वर्षे होऊन गेली होती. “मग असे कर,” म्हणून त्याने माझ्या हातात एक पिवळे निशाण दिले. पोरांचा सामना सुरू व्हायचा होता आणि रेषेवर उभे राहायला माणूस कमी होता. मी म्हटले, माझे वय सहासष्ट, गुडघे दुखतात. तो म्हणाला, येथे कुणाचे दुखत नाहीत?

दहाव्या मिनिटाला मी निशाण वर केले. ऑफसाइड. गोल ग्रॉइटचा होता, आणि तो करणारा पोरगा माझ्या मित्राचा नातू होता. कठड्यापलीकडून एक आजीबाई मला फ्रांकनी बोलीत जे काही म्हणाल्या त्यातला एकही शब्द मला कळला नाही. पण एवढे नक्की कळले, की त्या मला ‘अरे-तुरे’ करीत होत्या.